मिसला बोलव

कुवेतमधल्या मंगफच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहत होतो: मी, नवरा आणि चार वर्षांची लेक. त्या वर्षी आमच्याकडे चौथी येऊन राहिली. ती माझ्याच तोंडाने बोलायची, माझ्याच चपला घालायची आणि घरात माझ्यापेक्षा लाडकी होती. तिला सगळे मिस म्हणायचे.

तिला घरात आणली मीच, नोकरीपायी. लग्नाआधी नाशकात मी बालवाडीत शिकवत होते. कुवेतला आल्यावर नवरा पहाटे कंपनीच्या बसने रिफायनरीत जायचा आणि मी दिवसभर एसीची घरघर ऐकत बसायचे. बसून बसून माझा स्वभाव बिघडत चालला होता, आणि तो मुळातही फार गरीब नव्हता. दोन गल्ल्या सोडून एका व्हिलात इंग्रजी नर्सरी होती. तिथे बाई हवी आहे असं कळलं, तशी लेकीला हाताला धरून मी जाऊन उभी राहिले.

नर्सरीच्या मॅडम इंग्लंडच्या होत्या. त्यांनी मला थोडा वेळ मुलांत सोडलं, दारातून पाहिलं आणि मग ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, "मुलं तुमच्याकडे लगेच येतात. पण पालक फी भरतात ती माझ्यासारख्या इंग्रजीसाठी. तुम्ही कुठल्या, ते तुमच्या पहिल्याच वाक्यात कळतं." मग अटी सांगितल्या. वर्षाअखेर पालकांसमोर एक तास घ्यायचा. तो पसंत पडला तर मी कायमची वर्गशिक्षिका, नाहीतर रामराम. शाळेत इंग्रजीशिवाय एक शब्द नाही. लेकीला माझ्याच वर्गात फुकट घेतील, पण तिनेही मला इतर मुलांसारखं मिसच म्हणायचं. मी सगळ्याला हो म्हटलं. मला पुन्हा एक वर्ग हवा होता. त्यांनी जीभ काढून आणायला सांगितली असती, तर मी घरून डबा घेऊन गेले असते.

त्यांनी इंग्रजी उच्चारांची एक कॅसेट दिली. मिसळणाच्या डब्याला आरसा टेकवून मी ओट्याशी सराव करायला लागले. आपल्याकडे प म्हणजे प आणि फ म्हणजे फ, चोख कारभार. इंग्रजांचा प या दोघांच्या मध्ये कुठेतरी राहतो. तो नीट जमला की तोंडासमोर धरलेला पातळ कागद हलला पाहिजे, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी कांद्याचं साल धरायचे. डब्ल्यूसाठी बशीतला चहा फुंकताना होतात तसे ओठ करायचे. टीएच आला की जीभ दातांतून बाहेर. लहानपणी याच गोष्टीसाठी मी धपाटे खाल्ले होते, आणि आता तिच्यावर माझी नोकरी अवलंबून होती.

नवरा पुण्याचा. दुसऱ्याचे उच्चार तपासणं हा त्यांच्याकडचा कुळाचार. तो चहा पिता पिता म्हणायचा, "अगं, मी इतकी वर्षं व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह म्हणतोय. एकही अडला नाही."

"तुझे व्हॉल्व्ह ऐकत नाहीत," मी म्हणायचे. "माझे पालक ऐकतात."

पालक म्हणजे बहुतेक कुवेती आया. तिकडे शिक्षिकेला 'अबला' म्हणतात. मुलांना सोडायला आल्या की त्या लांबूनच "अबला, अबला" अशी हाक मारायच्या. हे घरी सांगितल्यावर नवरा खुर्चीतून पडायचा बाकी होता. "तुला अबला म्हणणारा जगात एवढाच एक देश," तो म्हणाला.

हळूहळू तो आवाज मला सापडला. मॅडम मान हलवायला लागल्या. आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. त्या आवाजात रागावताच येत नव्हतं. कुणाच्या अंगावर खेकसायचं म्हटलं तर आधी ओठ गोल करा, मग जीभ दातांत धरा, र गुंडाळून ठेवा. तोवर राग निवून जायचा. माझा राग सगळा मराठीत होता आणि मराठी फाटकाबाहेर राहत होती. त्यामुळे शाळेतली मी म्हणजे नुसती साय. मुलांनी रंग सांडले तरी मी हसून "ओ डिअर" म्हणायचे.

हे सगळं लेक रोज समोर बसून पाहत होती. एके दिवशी जेवताना तिने दोडक्याची भाजी ताटाच्या कडेला लोटली. मी डोळे वटारले. तर ती शांतपणे म्हणाली, "आई, मिसला बोलव ना. मिस भरवेल तर मी खाईन."

मला हसू आलं. मी ओठ गोल केले आणि मिसच्या आवाजात एक घास पुढे केला. तिने सगळा दोडका संपवला. ही चूक मला महागात पडली. मग वेणी घालायला मिस हवी, नखं कापायला मिस हवी, औषध तर मिसशिवाय घशाखाली उतरेना. नवराही कमी नाही. काही कबूल करायचं असलं की म्हणायचा, "मला जरा मिसशी बोलायचंय. त्या अंगावर येत नाहीत." स्वतःच्या घरात मला स्वतःचीच सवत आली होती, आणि तिला घालवून देण्याची सोय नव्हती, कारण माझी नोकरी तिच्याच जिवावर होती.

मला मिसचा हेवा वाटायचा, अगदी खरा. एकदा लेकीला झोपवताना मी विचारूनच टाकलं, "तुला कोण जास्त आवडतं गं, मी की मिस?"

तिने विचार केला. "मिस ओरडत नाही," ती म्हणाली. "पण मिसला आबांच्या सायकलची गोष्ट येत नाही."

ही गोष्ट माझ्या वडिलांच्या सायकलची. ब्रेक नसलेली ती सायकल एकदा उतारावरून थेट एका लग्नाच्या मांडवात शिरली होती. ती नाशिकच्या बोलीतच सांगता येते. मला तेवढ्यावर समाधान मानावं लागलं.

पालकांपुढचा तास बुधवारी होता; तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी. वर्गात मागे खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर अबाया घातलेल्या आया, पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले दोन-तीन वडील आणि कडेला हातात पेन घेतलेल्या मॅडम. मी ऋतूंचा धडा घेत होते. आवाज असा लागला होता की नवऱ्यानेही माझी ओळख विचारली असती. अर्धा तास झाला असेल, आणि खिडकीबाहेरचा उजेड आधी पिवळा, मग विटेसारखा लाल झाला. तिकडे अशा वादळाला तोझ म्हणतात. मोठ्यांना त्याची सवय असते. पण वाळू काचांवर सपासप आपटायला लागली, वरच्या मजल्यावर कुठलं तरी दार धाडकन बंद झालं आणि दिवे गेले.

मुलं किंचाळली. सगळ्यांत मोठ्याने माझी लेक. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "आय अ‍ॅम हिअर, स्वीटहार्ट," मी म्हटलं. "इट्स ओन्ली द विंड." विंडचा डब्ल्यू इतका सुरेख कधीच आला नव्हता.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आणखी जोरात रडली. "मिस नको. मला आई पाहिजे. आईला बोलव."

शाळेत ती पहिल्यांदाच मराठी बोलत होती. मी तिचे हात धरले होते, माझं तोंड तिच्या तोंडासमोर होतं, आणि ती माझ्याकडेच मला मागत होती. क्षणभर मला खरंच सुचेना की आईला आणावं कुठून. मॅडमचं पेन थांबलेलं दिसलं. या नोकरीसाठी सोललेले सगळे कांदे डोळ्यांपुढून गेले.

"अगं येडे," माझ्या तोंडून निघालं, "इकडं ये. मी हाय ना हितं."

ती अंगावर येऊन आदळली. पाठोपाठ एक कुवेती मुलगी दुसऱ्या मांडीवर आली, मग आणखी कुणी पाठीला चिकटलं. त्या अंधारात मी आबांच्या सायकलची गोष्ट सुरू केली. अर्धी मराठी, अर्धी माझ्या जुन्या इंग्रजीतली, सगळे प आणि व आपापल्या मूळ गावी परतलेले. सायकल मांडवात शिरली तेव्हा मुलं हसली. मागच्या खुर्च्यांवरून एक बाई हसली. दिवे आले तेव्हा सायकल बुंदीच्या टोपल्यात होती आणि ऋतूंचा धडा अर्ध्यावर पडला होता.

पालक गेल्यावर मॅडमनी ऑफिसात बोलावलं. मी पर्स आवरूनच गेले होते. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"नियम मोडलात," त्या म्हणाल्या.

"हो."

"धडा तुमच्या दुसऱ्या बाईने चांगला घेतला. पण मुलं कुणाच्या मांडीवर गेली, ते पालकांनी पाहिलं." त्यांनी चष्मा चढवला. "शनिवारपासून दोघीही या. पगार मात्र एकीचाच मिळेल."

मी त्यांना थँक यू म्हटलं. कुठल्या आवाजात, ते आठवत नाही.

वादळ ओसरलं होतं. गाड्यांवर, खजुरीच्या झाडांवर, सगळीकडे धूळ बसली होती. घरी जाताना लेक माझं बोट धरून उड्या मारत चालत होती. मधेच थांबून म्हणाली, "आई, मी बोलावलं आणि तू लगेच आलीस ना?"

तिच्या केसांतली वाळू मी झटकत राहिले.

"लगेच," मी म्हटलं.