घासलेल्या जिभा

चिनी वैद्यक शिकायला लागलो तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. मला तिथे माझ्या खांद्याने नेलं. इथे आखातात, अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम प्लांटमध्ये मेंटेनन्सला बरीच वर्षं काढल्यावर उजवा हात डोक्याच्या वर जाईना. बुदैया रस्त्यावर एका चिनी बाईंचं छोटं क्लिनिक आहे. त्यांनी सुया टोचल्या, काही दिवसांत हात वर जायला लागला, आणि मी त्यांना विचारलं, "मॅडम, हे शिकवता का?" शनिवारी सकाळी त्यांचा छोटा वर्ग असतोच, असं कळलं. मी जाऊन बसलो.

नाडी मला अवघड गेली. जीभ मात्र मला लगेच आवडली, कारण ती समोर दिसते. तिचा रंग बघायचा, आकार बघायचा, आणि वरचा थर बघायचा. पातळ पांढरा थर म्हणजे पोट ठीक. जाड पिवळा म्हणजे आत उष्णता. थर मुळीच नसला तर पोटातला ओलावा आटलाय, असं त्यांचं शास्त्र सांगतं.

शेवटी प्रबंध लिहायचा होता, आणि सर्टिफिकेट त्यावरच होतं. आपल्या आसपासची माणसं तपासून त्यांच्याबद्दल लिहा, असं मॅडमनी सांगितलं. मला काळजी नव्हती. मला लिहिता येतं. प्लांटमधले अवघड रिपोर्ट आजही माझ्याकडूनच लिहून घेतात.

नईममध्ये आम्ही नवरा-बायको राहतो त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आपली कोकणातली मुलं राहतात. कुणी एसीवाला, कुणी सुतार, एक जण आमच्या प्लांटची बस चालवतो. मी शुक्रवारी दुपारी टॉर्च घेऊन खाली जायचो. "चिनी डॉक्टर आले रे, तोंडं उघडा!" असा गलका व्हायचा. एकेकाची जीभ बघितली आणि मी चाट पडलो. सगळ्या स्वच्छ, लालसर. एकीवरही थर नाही.

मग मी लिहिलं. भट्टीची धग, इथलं ऊन, एसीची कोरडी हवा आणि घरापासून दूर राहणं, या सगळ्यांनी आमच्या माणसांच्या आतला ओलावा शोषून घेतला आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर मी मोठ्याने वाचलं आणि माझेच डोळे भरून आले. मॅडमनी कच्चा मसुदा वाचला, भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांची जीभ सारखी? फार वेगळं आहे हे. पुढच्या शनिवारी वर्गात वाचून दाखवा."

इथवर असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण मी सल्लाही दिला होता. विद्यार्थ्यांनी सल्ला द्यायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं, तरी दिला. बसवाल्याला मी सांगितलं, तुझा ओलावा आटलाय, मिरची सोड, सुका जवळा सोड, नासपती खा. आणि त्या भल्या माणसाने ते मनावर घेतलं होतं.

वाचनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी खाली गेलो. बाकीचे जवळ्याच्या चटणीबरोबर भाकरी खात होते. बसवाला दहीभात घेऊन बसला होता. मला बघताच तो उठला, हात धुतले आणि जीभ बाहेर काढली.

"सुधारली मा?" त्याने विचारलं.

"अजून तशीच आहे. थर नाही."

"थर खंयसून येतलो?" तो म्हणाला. "तुका दाखवूची म्हणान सकाळी दोनदा घासलंय. घाण जीभ दाखवूक लाज वाटता."

एसीवाला हसत म्हणाला, "अरे, आमी सगळेच घासतो. शुक्रवारी तर डॉक्टर येणार म्हणून जरा जास्तच."

मी टॉर्च बंद केला. मोरीच्या कोनाड्यात तांब्याच्या, स्टीलच्या जिभल्या ओळीने ठेवलेल्या होत्या. माझीही वर घरी आहे. लहानपणापासून रोज सकाळी जीभ घासत आलो, आणि आपल्या लोकांच्या जिभेवरचा थर कुठे गेला याचं कारण मी भट्टीत शोधत होतो.

"तुझा ओलावा जागेवर आहे," मी त्याला म्हणालो. "माझंच चुकलं. मी तुला उगाच उपाशी ठेवलं."

"म्हणजे आता जवळो खावक हरकत नाय?"

"नाही."

"खलास!" तो ओरडला. "वाढ रे! ह्या डॉक्टराच्या नादान मी म्हयनोभर आजारी माणसासारखो जेवतंय!"

ते सगळे हसले. मलाही हसावं लागलं, पण त्याच्या ताटाकडे बघवेना.

शनिवारी मी वाचलं नाही. वर्गासमोर उभा राहून काय झालं ते सांगितलं, सल्ल्यासकट. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सल्ला दिलात ही चूक तुमची. पण जीभ घासता का, हे विचारायला मी शिकवलं नाही. ती माझी." त्यांनी एक आठवडा दिला. न घासलेल्या जिभा बघा, पुन्हा लिहा.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "अगं, एक दिवस जीभ घासू नकोस."

"शी! पारोशा तोंडाने देवासमोर दिवा लावू?"

"प्रबंधासाठी."

"तुमच्या प्रबंधाने त्या बिचाऱ्याचा जवळा सोडवला. आता माझा देव सोडवा." ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तीही आली. "दिवा तुम्ही लावणार असाल तर बघू."

शुक्रवारी मी पहाटेच अंघोळ केली आणि दिवा लावला. वात तिरकी झाली. उजाडल्यावर बायको पदर तोंडाशी धरून खिडकीपाशी येऊन उभी राहिली. "हसायचं नाही," म्हणाली, आणि जीभ बाहेर काढली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिच्याकडे इतक्या जवळून, इतक्या उजेडात कधी बघितलं होतं, आठवेना. मी टॉर्च लावलाच नाही.

"काय दिसतंय?"

"पातळ, पांढरा थर. अगदी पुस्तकात आहे तसा."

"मग?"

"मग काही नाही. तू बरी आहेस."

"एवढ्यासाठी?" ती मोरीकडे वळली. जिभलीचा ओळखीचा आवाज आला. मी टेबलाशी बसलो आणि प्रबंधाचं पहिलं वाक्य नव्याने लिहिलं: जीभ बघण्याआधी माणसाला विचारावं, आज सकाळी काय केलंत.