नळाच्या मुंग्या

आमच्या इमारतीचा वायरमन अतिशय गोड बोलतो. मामाच्या हाताखाली तारा ओढायला शिकला आणि उभी हयात याच गल्लीत काढली. कानामागे टेस्टर, ओठांवर गुणगुण. घरात शिरताना चपला दाराबाहेर काढतो, सगळ्यांची विचारपूस करतो. त्यामुळे त्याच्या कामाकडे कोणी बघतच नाही. आम्हीही बघितलं नाही.

थंडीत त्याने आमच्याकडे गिझर बसवला. तेव्हापासून सासूबाई म्हणू लागल्या, "नळाला हात लावला की मुंग्या येतात गं."

आमच्या ह्यांनी बाथरूमच्या कोपऱ्यात मुंग्यांची पावडर टाकली! डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी वायरमनला विचारलं, तर तो जिन्यातच हसला. "आजी, या वयात हातापायांना मुंग्या यायच्याच!"

सासूबाई वरमल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. नळ तेवढा पदराने धरून फिरवू लागल्या.

परवा मी बादली लावायला गेले आणि नळाला हात लागताच कोपरापर्यंत झिणझिणलं. माझं डोकंच फिरलं. गिझर बंद केला आणि वायरमनला असेल तसा बोलावून घेतला. तो आल्यावर गिझर पुन्हा लावला.

"धरा नळ."

"काय वहिनी, चेष्टा करता!" तो हसतच आत शिरला. ओल्या फरशीवर अनवाणी पाय पडला मात्र, तसाच मागे फिरला आणि बाहेरच्या रबरी चपला घालून आला.

"चपला कशाला?" मी म्हटलं. "तुमचं कुठे वय झालंय?"

त्याचं हसू मावळलं. "अर्थिंगची तार आखूड पडली होती. म्हटलं, पुढच्या खेपेला जोडू..."

"म्हणजे ठाऊक होतं! आणि वर त्यांचंच वय काढलंत? जिवावर बेतलं असतं म्हणजे?"

त्याने मेन स्विच पाडला. नवी तार जोडून होईपर्यंत मी दारातून हलले नाही.

"चुकलं, वहिनी."

"मला नका सांगू. आत बसल्यात, त्यांना सांगा. आणि मोठ्याने सांगा."

तो सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन उभा राहिला. "आजी, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. नळात करंट येत होता. चूक माझी."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वळवून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या लेकाला हाक मारली, "ऐकलंस का रे?"