उस्तादांची शेवटची धार

दुकानात पुढच्या फळीवर उस्ताद बसत आणि मागच्या खोलीत, खिडकीखाली, त्यांची बायको. गिऱ्हाईक सुरी उस्तादांच्या हाती देई. ते पातं उजेडाकडे धरून एक डोळा मिटत, "हं" म्हणत आणि पडद्याआडून सुरी आत सरकवत. दोन दिवसांनी ती बाहेर आली की गिऱ्हाइकासमोर कागदाची पट्टी धरून सर्रकन तिचे दोन तुकडे करत. एवढंच त्यांचं काम. लोक त्यांना उस्ताद म्हणत आणि तिला वहिनी.

खरे कारागीर तिचे वडील. रानात वापरायच्या सुऱ्यांना फुगीर धार लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी लेकीलाही शिकवलं आणि जावयालाही. जावयाचा हात उतावळा. तो दगडावर दाबून घाशी. धार तिखट होई, पण लाकडाच्या पहिल्याच गाठीवर तिचे कपचे उडत. लेक मात्र सावकाश काम करी. जाड रबराच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरायचा, धारेवर शाईची रेघ मारायची आणि पाठ पुढे, धार मागे ठेवून पातं हलकेच ओढायचं. रबर दबतं, कागद कडेला वर येऊन बिलगतो आणि कड सपाट न होता सफरचंदाच्या बीसारखी गोलसर होते. शाई कुठे पुसली ते बघायचं, पातं केसभर कलवायचं, पुन्हा ओढायचं. मग बारीक कागद, शेवटी चामडं. अशा धारेच्या मागे लोखंड भरपूर राहतं, म्हणून फांद्या तोडतानाही ती टिकते.

लग्नानंतर पाचेक वर्षांनी ती एकदा बाहेर आली होती. एका वनरक्षकाची सुरी घेऊन उस्ताद नेहमीसारखे कागद कापत होते. वनरक्षक म्हणाला, "काय हात आहे."

"मी लावलीय ती," ती सहज म्हणाली.

वनरक्षक हसला. उस्तादही हसले आणि म्हणाले, "आमच्या घरात सगळं हीच करते, बरं का." थट्टा म्हणून ते खपून गेलं. ती आत जाऊन पुढच्या पात्याला शाई लावत बसली. हसण्यापेक्षा तिला त्या 'बरं का'चा राग जास्त आला.

पुढे उस्तादांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. तीन वर्षं ते मागच्या खोलीत पलंगावर होते आणि ती त्यांच्या उशाशी काम करत होती. गिऱ्हाइकांची समजूत अशी, की उस्ताद आता पडल्या पडल्या धार लावतात. ते कौतुकाने आत डोकावत, आणि उस्ताद डावा हात उचलून आशीर्वाद दिल्यासारखं करत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो निदान फणा तरी काढतो, असं तिच्या मनात येई. मग त्यांना भरवताना स्वतःचीच लाज वाटे.

एकदा तोंड पुसताना ती म्हणाली, "त्या वनरक्षकाला तरी खरं सांगा. तुमचं काय जातंय आता?"

छताकडे बघत उस्ताद अडखळत म्हणाले, "माझ्याकडे... दुसरं काय आहे?"

तिने पुन्हा विचारलं नाही. दोन महिन्यांनी ते गेले.

त्यानंतर कामं आटली. 'उस्तादांबरोबर हात गेला,' असं लोक बोलत. वनरक्षक भेटायला आला तेव्हा कमरेची सुरी त्याने फडक्यात गुंडाळून आणली होती.

"उस्ताद जायच्या आधी घेऊन गेलो होतो ती. उस्तादांची शेवटची धार. वापरवत नाही."

"ती माझी आहे," ती म्हणाली. "तीन वर्षं त्यांना उजव्या हातात चमचासुद्धा धरता येत नव्हता. तुम्ही बघत होतात की."

तो फार मायेने म्हणाला, "वहिनी, दुःखात माणूस असं बोलतो."

तिने हात पुढे केला. "दुसरी सुरी आहे ना पिशवीत? द्या. बसा इथे."

तो बसला. तासभर ती काम करत राहिली. रबर, कागद, शाई, चामडं. मग कोपऱ्यातलं गाठीचं लाकूड त्याच्यापुढे टाकलं. त्याने गाठीवरच घाव घातले, दहा-बारा. धार खिडकीशी नेऊन पाहिली. कुठे खरचटलंही नव्हतं.

त्याचे डोळे भरून आले.

"उस्तादांनी काय शिकवलंय हो तुम्हाला," तो म्हणाला.

तिने शाईची बाटली बंद केली. बोटं फडक्याला पुसली.

वनरक्षक मनाचा चांगला. तो दहा ठिकाणी बोलला, आणि 'उस्तादांच्या हाताखाली तयार झालेली बाई' म्हणून कामं पुन्हा येऊ लागली. वर्षभराने त्याने ती फडक्यातली सुरी काचेच्या पेटीत घालून आपल्या चौकीच्या भिंतीवर लावली. खाली पितळी पट्टी, तिच्यावर उस्तादांचं नाव. कार्यक्रमाला वहिनींना पहिल्या रांगेत खुर्ची होती. शेजारी तिची मुलगी. सगळ्यांचं बोलून झाल्यावर वनरक्षक म्हणाला, "वहिनी, दोन शब्द."

ती उठली. पेटीजवळ जाऊन वाकून पाहिलं.

"तेल लावलेलं नाही," ती म्हणाली. "गंजेल." आणि खाली बसली.

परतताना मुलगी चिडली होती. "आई, आज सगळे होते. सांगायचं होतंस."

"दोनदा सांगितलं. एकदा थट्टा झाली, एकदा दुःख झालं. तिसऱ्यांदा वेड लागलं म्हणतील."

"मग मी सांगते."

"तू माझी मुलगी. तुझं कोण ऐकणार?"

मुलगी रडू लागली. आईने तिला रडू दिलं. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "उद्या सकाळी तीन सुऱ्या द्यायच्यात. भरभर चल."