खडीच्या रस्त्यावरचे जाळे

फर्डिनंड आमच्या दवाखान्याची जीप चालवायचा. तो वसईच्या पाचूबंदरचा, इनासकाकांचा थोरला मुलगा. घरात तीन पिढ्यांची होडी होती. पण हा पहिल्या फेरीला किनारा दिसेनासा होण्याआधीच ओकला. दुसऱ्या फेरीला ओकला, सातवीलाही ओकला. इनासकाका बंदरावर चारचौघांत सांगायचे, "सगल्यांची पोरं मासे धरतात, माझा फर्डी माशांना खायला घालतो."

सतराव्या वर्षी तो होडीतून उतरला आणि पुन्हा चढला नाही. एका गॅरेजात पाने-पकडी देत देत इंजिन शिकला, लायसन्स काढले आणि १९७८ साली ख्रिस्ती सिस्टरांच्या दवाखान्यात लागला. मी तिथे नोंदी ठेवायचे. माझे यजमान त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा हे बरे, म्हणून मी फेऱ्यांवरही जाऊ लागले.

आमची फेरी मंगळवारी आणि शुक्रवारी असे. जीप चारही चाकांनी ओढणारी, बंद बॉडीची, मागे काच असलेली. तिच्या मागे एका परदेशी मंडळाने दिलेले चाकांवरचे घर जोडायचे. आत दोन झोपायच्या फळ्या, सुया उकळायचा स्टोव्ह, एक टेबल आणि पुढच्या बाजूला मोठी खिडकी. कागदोपत्री त्याचे नाव कॅरॅव्हान होते; गावोगावचे लोक त्याला डबा म्हणायचे, आणि पुढे आम्हीही डबाच म्हणू लागलो. डॉक्टर हिल्डा त्यात क्षयाच्या रोग्यांना तपासायच्या आणि इंजेक्शने द्यायच्या.

१९८० च्या हिवाळ्यात महामार्गापलीकडे, डोंगराकडच्या रस्त्यावर नवी खडी पसरली. डांबर नंतर येणार होते, ते काही लवकर आले नाही. जीपची मागची चाके खडी उचलून मागे भिरकावायची आणि ती थेट डब्याच्या तोंडावर बसायची. १३ जानेवारी १९८१, मंगळवार, या तारखेपुढे माझ्या वहीत लिहिले आहे : डब्याची पुढची खिडकी फुटली. औषधाच्या सात बाटल्या गेल्या.

"हळू चालव," असे कार्यवाह बर्नार्ड मास्तर म्हणाले. ते निवृत्त शिक्षक. दवाखान्याच्या मंडळाचा कारभार त्यांच्याकडे होता.

"हळू चालवली तर चारांतली दोनच गावं होतात, मास्तर," फर्डिनंड म्हणाला. "उरलेल्या दोन गावांनी खोकत बसायचं का?"

त्याने डांबराच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा कापला आणि डब्याच्या तोंडावर ठोकून बसवला. आम्हाला सगळ्यांना ते फार पटले. पण पुढच्याच मंगळवारी चाकाने उडवलेला दगड त्या पत्र्यावर आपटला, तसाच उलटा आला आणि जीपची मागची काच फोडून आत पडला. मी काचेकडे पाठ करून बसले होते. माझ्या वेणीतून डॉक्टर हिल्डांनी काचा वेचल्या. त्या वेचताना एवढेच म्हणाल्या, "दगडाला अडवलं तर तो परत फिरणारच."

त्या संध्याकाळी मास्तरांनी फर्डिनंडला समोर उभे केले. "जानेवारी अखेरपर्यंत तुला मुदत. आणखी एक काच फुटली की डबा आवारात उभा राहील, आणि जीप विकायला काढू. रोग्यांनी इथे यावं."

"भागूबाई कशी येणार?" मी विचारले.

भागूबाई शेवटच्या वस्तीतली, चाळिशीची बाई. दोन वर्षांपूर्वी, डबा नव्हता तेव्हा, तिचे उपचार अर्ध्यावर सुटले होते, कारण पावसात एसटी बंद पडली. आता ते पुन्हा पहिल्या इंजेक्शनापासून सुरू झाले होते. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले होते की या वेळी मधे खंड पडला तर पुढचे मी सांगू शकत नाही. ती प्रत्येक फेरीला कुडाच्या भिंतीवर शेणाचे एक बोट ओढायची.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर फर्डिनंड आईवडिलांकडे पाचूबंदरला गेला. अंगणात बोंबील वाळत होते आणि कावळ्यांपासून राखण म्हणून त्यांच्यावर जुने जाळे सैल टाकलेले होते. इनासकाकांनी एका कावळ्याला शिंपला फेकून मारला. नेम चुकला. शिंपला जाळ्यावर बसला, जाळे थोडे आत गेले, आणि शिंपला सरळ खाली पडला. उसळला नाही, लांब गेला नाही. फर्डिनंडने मला सांगितले, "सुझानबाय, मी आणखी वीस शिंपले मारले. आई म्हणाली, याला जेवण नको, याला झोप पाहिजे."

त्याने बापाकडे जुने जाळे मागितले. इनासकाकांनी त्याच्याकडे नीट पाहून घेतले. "पानी बघून पोटात कालवतं तुझ्या. आन आता खडीवर जालं टाकतोस? काय धरनार? दगडी पापलेट?"

पण जाळे दिले.

मंगळवारी पहाटे फर्डिनंडने ते जीपच्या मागच्या बंपरापासून डब्याच्या ओढदांड्यापर्यंत बांधले. तो गॅरेजात घडलेला माणूस; जे ढिले ते वाईट, हे त्याच्या हाताला शिकवलेले. त्याने जाळे खाटेच्या नवारीसारखे ताणले. पहिल्या सरळ मैलात दगड त्यावरून टणाटण उसळत होते. मग पहिले वळण आले. जीप वळली, डबा मागाहून वळला, आणि जाळे एका कडेने टरकन फाटत गेले. उरलेली फेरी आम्ही बैलगाडीच्या चालीने केली. भागूबाईकडे पोहोचायला दिवे लागले. ती वाटेवर उभी होती. "मला वाटलं, आता डबा येत नाय," एवढेच बोलून तिने दंड पुढे केला.

आता जानेवारीतला एकच शुक्रवार उरला होता.

बुधवारी फर्डिनंड फाटके जाळे घेऊन पुन्हा बंदरावर गेला. या वेळी इनासकाका हसले नाहीत. ते फाटलेल्या गाठी बोटांत धरून पाहत राहिले.

"कोनी बांधलं हे?"

"मी."

"जाल्याला झोल लागतो, हे तुला मी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असेल. मी ओकत होतो तेव्हा."

तेव्हा मात्र काका हसले. गुरुवारी ते स्वतः सुतळी, जाळे विणायचे लाकडी सुये आणि शिशाच्या गोळ्या घेऊन दवाखान्याच्या आवारात आले. जाळ्याच्या शेपटाकडचा बारीक विणीचा भाग त्यांनी दुहेरी केला. वरची कड जीपला, बाजूच्या दोऱ्या ओढदांड्याला, आणि मधे वितभर नव्हे तर चांगला हातभर झोळ सोडला. खालच्या कडेला शिसे ओवले, म्हणजे वाऱ्याने जाळे वर उडणार नाही. फर्डिनंडने जुन्या टायरच्या रुंद पट्ट्या कापून चाकांमागे लोंबत्या लावल्या. "धर." "सोड." "आनखी सोड." दिवसभर बापलेकांचे एवढेच माझ्या कानांवर आले.

बर्नार्ड मास्तर संध्याकाळी पाहायला आले. "डोळ्यांनी पाहून मी मानणार नाही," ते म्हणाले. "पत्र्याला चुना लावा. दगड लागला की खूण उठेल. परत आल्यावर मोजू." मंगळवारच्या फेरीत पत्र्यावर बसलेले नवे ठोके मी आधीच मोजून ठेवले होते. चौसष्ट.

३० जानेवारीला मास्तर स्वतः आले. इनासकाकाही आले, आपले जाळे कसे चालते ते पाहायला. पुढे फर्डिनंड आणि डॉक्टर. मागे आडव्या बाकांवर आम्ही तिघे. मागच्या काचेच्या जागी ताडपत्री होती. तिच्या फटीतून मास्तर डोके वळवून वळवून पाहत होते. महामार्ग ओलांडला, खडी लागली. टायरांखाली तोच तडतडाट सुरू झाला. पण पत्र्याचा आवाज मात्र येईना. पहिले वळण आले. जीप वळली, डबा वळला, झोळ एका बाजूला गेला आणि पुन्हा मधे आला.

डोंगराची वळणे सुरू झाली तसे इनासकाका बोलायचे थांबले. त्यांचा चेहरा आधी पिवळा आणि मग हिरवट झाला. तिसऱ्या वळणाला त्यांनी फर्डिनंडच्या खांद्यावर जोरात थाप मारली. जीप थांबली. चाळीस वर्षे समुद्रावर काढलेला तो माणूस रस्त्याच्या कडेला, करवंदीच्या जाळीत वाकला.

मास्तर आतून म्हणाले, "इनास, इथे मासे नाहीत रे."

फर्डिनंड हसला नाही. त्याने पाण्याचा तांब्या नेऊन दिला, बापाच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितले, "पुढे बसा, बाबा. समोर रस्त्याकडे बघत राहिलं की कमी होतं." डॉक्टर हिल्डा उठून मागे आल्या.

ओढा लागला तेव्हा त्याने चारही चाके जोडली आणि जाळे वर आवळून घेऊन पाणी पार केले. चौथ्या गावी, भागूबाईच्या वस्तीवर, आम्ही उन्हे उतरायच्या आत पोहोचलो. कोणीही रोग्याकडे गेले नाही. आधी सगळे जीपच्या मागे धावले. जाळ्याचा झोळ खडीने भरून खाली ओथंबला होता. इनासकाकांचे मळमळणे कुठल्या कुठे गेले. त्यांनी सवयीने दोरी सोडली आणि अख्खा झोळ जमिनीवर पालथा केला. टोपलीभर दगड घरंगळले.

"घ्या रे," ते म्हणाले, "लिलाव करा."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि चुन्यावर बोट ठेवून खुणा मोजल्या. दोन. ते एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून मोजत गेले. मग माझी वही मागून घेतली आणि स्वतःच्या वळणदार अक्षरांत लिहिले : चौसष्टांच्या जागी दोन. काच एकही फुटली नाही. फेरी चालू राहील. खाली सही केली. ते पान माझ्याकडे आहे.

भागूबाईने दंड पुढे केला. इंजेक्शन झाल्यावर ती भिंतीपाशी गेली, शेणाचे बोट ओढले आणि फर्डिनंडला म्हणाली, "ड्रायव्हरदादा, भिंत पुरंल ना?"

"भिंत संपली तर दारावर ओढ," तो म्हणाला.

भिंत पुरली. ५ जूनच्या शुक्रवारी तिला शेवटचे इंजेक्शन दिले. दोन पावसाळ्यांनी ती स्वतः एसटीने वसईला आली, डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन, आणि कुठेही न थांबता दवाखान्याच्या पायऱ्या चढून गेली.

१९८१ च्याच ऑगस्टात, होड्या समुद्रात जायच्या आधी, फादर नेहमीप्रमाणे बंदरावर होड्यांना आणि जाळ्यांना आशीर्वाद द्यायला आले. फर्डिनंडने जीप धुऊन आणली होती, पण लोकांच्या मागे, लांब उभी केली होती. इनासकाका गेले, त्याला बखोटीला धरून आणले आणि जीप होड्यांच्या रांगेत, आपल्या होडीच्या शेजारी लावायला लावली. नवे विणलेले जाळे त्यांनी स्वतः बंपरावर टाकले. फादर पवित्र पाणी शिंपडत रांगेने येत होते. जीपपाशी येऊन ते थबकले आणि म्हणाले, "ही होडी कोणाची?"

इनासकाकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"माझ्या फर्डीची," ते म्हणाले.