स्पीडवर पडलेल्या अक्षता

आमच्या लहानपणीच्या अंधेरीत 'स्पीड' या शब्दाचा मोटारींशी फारसा संबंध नव्हता. मोटारी होत्याच किती? स्पीड असायचा तो मॅट्रिक झालेल्या मुलामुलींना. "काय गं, स्पीड किती?" असं कुणी विचारलं की टायपिंगबद्दल चाललंय हे न सांगता कळायचं. मिनिटाला तीस शब्द म्हणजे बरा आणि चाळीस म्हणजे नोकरी. शेजारच्या काकूंनी तर आपल्या भाच्याचं स्थळ सुचवताना गोरा, उंच आणि चाळीसचा स्पीड असे त्याचे गुण सांगितले होते.

मलाही तो चाळीसचा स्पीड हवा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते आणि मुलींनी नोकरी करण्याबद्दल त्यांचं मत एका शब्दाचं होतं: नको. मी इतकी भुणभुण लावली की शेवटी ते म्हणाले, "टायपिंगच्या परीक्षेला बस. पास झालीस तर कर नोकरी. नापास झालीस तर पेणची मंडळी तुला बघायला येतील, तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही. आणि एकदाच बसायचं, पुन्हा पुन्हा नाही." पेणच्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मी त्याला पाहिलाही नव्हता. मला फक्त लग्नाआधी थोडे दिवस स्वतःचा डबा घेऊन सकाळी घराबाहेर पडायचं होतं.

आमचा क्लास स्टेशनजवळच्या पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर भरायचा. खाली दळण सुरू झालं की वर टेबलं थरथरायची. क्लास चालवणारे सर ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचे मुंबईचेच ख्रिस्ती; ते वर्सोव्याच्या बाजूने सायकलवर येत. बोटांकडे बघता येऊ नये म्हणून ते आमच्या हातांवर पुठ्ठ्याचं छप्पर धरीत. मी घाई केली की म्हणत, "पळतेस कुठे पोरी? चुका मागून येतायत तुझ्या." ते खरंच होतं. परीक्षेत चुकांचे शब्द वजा होत आणि माझी वजाबाकी दांडगी होती.

परीक्षेला निघालेल्या प्रत्येकाला सर 'गॉडस्पीड' म्हणत. एकदा मी विचारलं, "सर, देवाचा स्पीड किती असेल हो?" ते चिडले नाहीत. कपाटातून जाडजूड डिक्शनरी काढून त्यांनी मला समजावलं की फार पूर्वी इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वेग असा नव्हताच. यश, भरभराट असा होता. कुणी प्रवासाला निघालं की 'देव तुला स्पीड देवो' म्हणायचे, म्हणजे लवकर पोच असं नव्हे, तर तुझं काम फत्ते होवो. वेगाचा अर्थ मागाहून आला, हळूहळू पसरला आणि मूळच्या अर्थालाच त्याने बाहेर काढलं.

"भाडेकरूसारखा," मी म्हटलं. सरांना ते एकदम पटलं. त्यांच्या घरात तसा एक होता.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आई शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण असल्या गोष्टी ती मन लावून ऐकायची. "म्हणजे आपण 'यशस्वी हो' म्हणतो तेच की," ती म्हणाली आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली. मला वाटतं, पुढची कल्पना तिच्या डोक्यात तिथेच शिरली.

परीक्षा पार्ल्याच्या एका शाळेत होती. ज्या मशिनवर सराव केला तेच तिथे न्यायची पद्धत होती, म्हणून क्लासची मशिनं हातगाडीवर चढवली जायची. त्या सकाळी आई तबक घेऊन गिरणीपाशी हजर. दसऱ्याला सुतार करवत पुजतो, शिंपी शिलाईचं मशिन पुजतो, मग माझ्या मुलीच्या मशिनने काय घोडं मारलंय, असं तिचं म्हणणं. तिने हळदकुंकू लावलं, जास्वंद वाहिली आणि डोळे मिटून मूठभर अक्षता टाकल्या. सर हॅट काढून अदबीने उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आतून बरंही वाटलं.

परीक्षेत सुरुवात झकास झाली. चुका नाहीत, घाई नाही. मग ईची दांडी अर्ध्यात अडकली. पुन्हा दाबली, पुन्हा अडकली. इंग्रजीत ईवाचून दोन शब्द पुढे सरकता येत नाही. वाकून पाहिलं तर दांड्यांच्या फटीत गुलाबी तांदूळ. अंबाड्यातला आकडा काढून मी तो उकरत बसले आणि आजूबाजूची मशिनं धडाधड पळत राहिली. दाणा निघाला तोवर वेळ संपत आला होता.

खरं काय ते मी फक्त सरांना सांगितलं; घरी म्हणाले, हात थरथरले. आईला काय सांगणार?

निकाल लागला, नापास. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी पेणला पत्र टाकायचं ठरवलं. मी मोरीत जाऊन रडले. त्याच संध्याकाळी सर आमच्याकडे आले. मला आणखी एक संधी द्या, असं ते अण्णांना सांगत होते, आणि बोलण्याच्या ओघात भोळेपणाने म्हणाले, "मशिन साफ करताना आतून आणखी तांदूळ निघाले हो. पोरीचा काय दोष?"

चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"ती परत बसेल," आई म्हणाली.

"एकदाच बसायचं ठरलं होतं," अण्णा म्हणाले.

"अहो, पण ती बसलीच कुठे? या खेपेला मी बसले होते. नापास मी झाले. तिची परीक्षा अजून व्हायचीये."

अण्णांना उलटून बोललेली आई मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. अण्णांनी सरांकडे वळून विचारलं, "फॉर्म कधी भरायचा?"

पुढे मी पास झाले, नोकरीही केली. पण त्या संध्याकाळी मला कळलं की आईने जन्मात एकच परीक्षा दिली, आणि तिच्यात नापास झाल्याचं तिने सगळ्यांसमोर, माझ्यासाठी, ताठ मानेने सांगितलं.