मोरीवरचा हॉर्न

माझ्या बापाच्या कपाळातून रक्त येत होतं आणि तो हात जोडून माफी मागत होता. ज्याने धडक दिली, त्याचीच.

कर्जतहून खोपोलीकडे येताना ओढ्यावर एक अरुंद मोरी लागते. दोन्ही बाजूंना बुटके कठडे. सुगी संपत आलेली, दुपारची वेळ. आमच्या बैलगाडीत पेंढा भरलेला. बाप पुढे कासरा धरून, मी वर पेंढ्यावर. आम्ही मोरीच्या मध्यावर असताना मागून भातगिरणीवाल्या शेटची पांढरी फियाट आली. हॉर्न वाजला. परत वाजला. मग धडक. चाकाचे आरे मोडले, बैलगाडी एका अंगाला कलली, मी पेंढ्यासकट खाली. बापाचं कपाळ जुवावर आपटलं. पवळ्या बैलाच्या मागच्या पायाचं कातडं सोललं. फियाटचा एक दिवा फुटला.

आतून शेटचा मुलगा उतरला. तो आधी दिव्याकडे गेला. वाकून फुटक्या काचेवरून बोट फिरवलं.

बाप म्हणाला, "चुकलं शेट. माफी करा."

त्याच्या गाडीचं मागचं चाक मोरीच्या तोंडाशी मातीत रुतलं होतं. त्याने हातानेच खूण केली. ढकला. बापाने डोक्याचा रुमाल कपाळाला गुंडाळला आणि खांदा लावला. मीही लावला. गावातला पहिला बी. ए. मोहोपाड्याच्या कारखान्यात टेबल-खुर्चीवर बसणारा. लावला खांदा.

गाडी सुटली. तेव्हा त्याने मला ओळखलं. "घरी ये. बघू," म्हणाला आणि गाडी मागे घेऊन कर्जतला निघून गेला.

या प्रकरणात तो माझ्याशी बोलला ते एवढंच.

आमच्याकडची रीत सांगायला हवी. शेटच्या गाडीचा हॉर्न पंचक्रोशीत सगळ्यांच्या कानात बसलेला. तो वाजला की बैलगाडी डांबरावरून खाली उतरवायची. मातीत, चिखलात, काट्यात, कुठेही. असा हुकूम कुणी काढलेला नव्हता. शेटच्या आज्याचा घोड्याचा टांगा होता, त्याला आमचे आजे वाट द्यायचे. टांगा गेला, फियाट आली. आमचं उतरणं तेच राहिलं. गाडीवानाने कासरा ओढायचीही गरज नसायची. हॉर्न ऐकला की बैल आपणहून खाली उतरायचे.

मोरीवर उतरणार कुठे? बाजूला कठडा, कठड्याखाली ओढा.

पण गावात हे कुणी विचारलंच नाही. धडक कुणी दिली, हेही नाही. माझ्या बापाबद्दल सगळ्यांचा सवाल एकच. गोमा का उतरला नाय?

"डुलकी लागली असंल," चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला.

"वय झालं आता गोमाचं. गाडी कसली हाकतो, गाडीच त्याला हाकते." हसले सगळे.

माझा बाप शाळेत गेला नाही. जमीन थोडकी. त्याचं नाव होतं ते कासऱ्यावर. लेकीबाळींना माहेरी आणायचं, पोटुशी सून कर्जतला दवाखान्यात न्यायची, तर लोक गोमाची गाडी सांगायचे. का? तर गोमा झोपत नाही. धडकेनंतर मी गाडीला चाक घालून आणलं, पवळ्याचा पाय बरा झाला, गाडी दारात उभी राहिली. सांगायला कुणी येईना. पाटलांची लेक दुसऱ्याच्या गाडीतून माहेरी आली. आमच्या दारावरून. बाप ओटीवर बसून बघत होता.

मला शेटच्या मुलाकडून एकच वाक्य हवं होतं. चूक माझी होती, गोमा झोपला नव्हता. चार माणसांत बोलायचं. बस.

म्हणून मी गेलो. भिसेगावात त्याचा बंगला. फियाट दारात, तिला नवा दिवा बसलेला. आत रेडिओ चालू. गड्याने सांगितलं, "धाकले शेट घरी नायत." उंबऱ्याशी त्याचे बूट होते, तपकिरी, चकाकते. पुढच्या रविवारी परत गेलो. तेव्हा तो अंगणातल्या झोपाळ्यावरच होता, पेपर वाचत. मी फाटकातून हाक मारली. त्याने वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या आंब्याकडे. परत पेपरात. झोपाळा कुरकुरत राहिला.

मी फाटकाशी उभा राहून त्याचा हेवा केला. खोटं कशाला बोलू? कल्याणच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. त्याचे टेरिलिनचे शर्ट, त्याचं घड्याळ, कॅन्टीनमध्ये पोरींशी हसत बोलणं, सगळ्याचा हेवा केलाय मी. रात्री अंथरुणावर दात खाल्लेत. पण सगळ्यांत जास्त जळलो ते हजेरीला. सर नाव घ्यायचे तेव्हा आम्ही उभे राहून "हजर सर" म्हणायचो. तो बसल्या जागी नुसतं एक बोट वर करायचा. कधीकधी तेही नाही. सरच हसून पुढे जायचे. तो दोनदा नापास झाला, मी दुसऱ्या वर्गात पास झालो, तरी माझी जळजळ गेली नाही. कारण मला जन्मभर सगळ्यांना उत्तर द्यावं लागणार होतं. तलाठ्याला, सरांना, कारखान्यातल्या साहेबाला. विचारायच्या आत द्यायचं होतं. त्याला कुणालाच नाही. गाडी तर मीही कधीतरी घेईन, पण हे गप्प बसणं कुठल्या दुकानात मिळतं?

आई म्हणाली, "जाऊ दे रं पोरा. त्यांनी कवा कुणाला जवाब दिलाय?"

हेच तर मला खुपत होतं.

मग मी वेगळं ठरवलं. घरी तो भेटत नाही, गिरणीत भेटेल. आमचं भात भरडायला न्यायचंच होतं. गेलो. बाप पोत्यांपाशी रांगेत बसला. चार गावांची माणसं होती, मशीन चालू, कोंडा उडत होता. म्हातारे शेट गादीवर, मुलगा बाजूला खुर्चीत. मी पुढे झालो. मशीनच्या वर आवाज चढवून बोललो.

"मोरीवर धडक तुम्ही दिलीत. माझा बाप झोपला नव्हता. हे इथं सगळ्यांसमोर बोला."

मुलगा आपल्या नखांकडे बघत राहिला. कॉलेजात बसायचा तसाच.

म्हातारे शेट बोलले. गोड बोलले. "अरे, तुझ्या बापाने तिथंच कबूल केलं की. हात जोडले. नाय रं गोमा?" मग रांगेकडे वळून, "म्हातारा माणूस, होते चूक. मी त्याला माफ केलंय. एक नवं चाक पण करून देतो. झालं?"

माफ केलंय!

रांगेतल्या माना हलल्या. शेट मोठ्या मनाचे. मी मागे बघितलं. बाप उठून उभा राहिला होता. कपाळावरचा व्रण अजून लालसर. आणि त्याचे हात वर येत होते. छातीपाशी. एकमेकांकडे. कुणी सांगितलं नव्हतं. हॉर्न ऐकून बैल उतरतो, तसे.

मी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

घट्ट धरलं. बापाला दुखलं असणार. त्याने माझ्याकडे बघितलं, आधी रागाने. आयुष्यात मी त्याला असा हात लावला नव्हता. "नाय बाबा," मी म्हणालो. "हात नाय जोडायचे. बोला."

त्याने हात सोडवायचा प्रयत्न केला. मग थांबला. मग बाप बोलला, शेटकडे नाही, रांगेकडे तोंड करून.

"मी झोपलो नव्हतो. आमी मोरीवर होतो. खाली उतरायचं कुठं? वढ्यात?"

कुणीतरी मागून फिस्सकन हसलं. या खेपेला बापाला हसलं नव्हतं.

शेटचा चेहरा उतरला. "माज आला काय रं गोमा? पोरगं शिकलं म्हणून?"

"चाक तुमचं तुमच्याजवळ ठेवा," मी म्हणालो. "आमची गाडी धड आहे."

मुलगा उठून आत गेला. आम्ही पोती परत गाडीत टाकली आणि भात खोपोलीच्या गिरणीत नेलं. लांब पडतं. अजून तिथेच नेतो. गावातल्या काहींनी आमच्याशी बोलणं टाकलं, शेटची नाराजी नको म्हणून. पाटलांनी पुढेही गाडी सांगितली नाही. सांगायला आली ती कुंभिवलीची एक बाई, सुनेला दवाखान्यात न्यायला. "गोमादादाच पाहिजे," म्हणाली. ती त्या दिवशी रांगेत होती.

त्या मुलाने आजपर्यंत ते वाक्य उच्चारलेलं नाही. उच्चारणारही नाही. माझा हेवाही गेलेला नाही. अजून ती फियाट दिसली की छातीत जळतं. जळू दे. विझलं तर मीही खाली उतरेन.

परवा मी कासरा धरला होता. बाप शेजारी. मागून तोच हॉर्न. पवळ्याची मान आपोआप डावीकडे वळली, पाय मातीकडे निघाला. मी कासरा उजवीकडे ताणला. त्याला कळेना. परत मान वळवली. मी परत ताणला. हॉर्न वाजत राहिला. बापाने मागे वळून बघितलं नाही, मीही नाही. आमची बाजू धरून आम्ही डांबरावरून चालत राहिलो. शेवटी फियाट आमच्या उजव्या अंगाने, दोन चाकं मातीत घालून पुढे गेली.

बैल जुना आहे. त्याच्या मानेत तीन पिढ्यांची वाट बसलीय. वेळ लागेल. मी रोज ताणणार आहे.