बुर्गीच्या पाटीखाली

आमच्या बर्फाळ डोंगरातल्या लाटेनबाख गावात कुणालाही विचारा. बुर्गी वेख्नरने सतराव्या वर्षी स्वतःच्या शर्यतीच्या स्की करवतीने कापल्या आणि बापाच्या डोळ्यांदेखत चुलीत घातल्या, असंच ऐकायला मिळेल. बेकरीवाली तर हे अशा थाटात सांगते की चूल जणू तिच्याच घरची. "अरे, धूर कसला काळा! दोन दिवस वास जाईना!" म्हणते, आणि आत्तासुद्धा नाकाला ॲप्रन लावते. बेकरीवाली स्वतः त्यानंतर चार वर्षांनी जन्मली, पण तिच्या नाकाला कोण अडवणार?

यातलं खरं एवढंच की करवत होती. ती बापाची होती, आणि त्याने कापला तो बुर्गीचा पहिला स्नोबोर्ड, दोन्ही पाय एकाच फळीला बांधून घसरायचा. स्की धडधाकट आहेत, तळघरात आहेत. आम्ही बुर्गीच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो आणि आमचे बटाटे त्याच तळघरात असतात, म्हणून मला माहीत. दर नोव्हेंबरात ती त्या खुंटीवरून उतरवते, तळाला आणि पोलादी कडांना गरम इस्त्रीने मेण लावते, फडक्याने चकचकीत पुसते आणि परत टांगते. पायात मात्र चौतीस वर्षांत एकदाही घातल्या नाहीत.

तिचा बाप सेराफिन खालच्या लिफ्टवर कामाला होता. आमच्याकडे तिला आकड्याची लिफ्ट म्हणतात. फिरत्या दोराला लाकडी आकडे लोंबतात, ते स्कीवर उभ्या माणसाला चढावर ओढत नेतात. लिफ्टवाल्याने आकडा धरायचा, समोरच्याच्या बुडाखाली सारायचा आणि म्हणायचं, "पुढचा." दिवसभर एवढंच. सेराफिनला मी पाहिलेलं नाही, पण गावातले म्हातारे अजून त्याची नक्कल करतात, हनुवटी छातीत खुपसून: "पाय दोन, स्की दोन. मोज. फळीवर उभ्या राहणाऱ्याला आकडा नाही."

हे तो स्वतःच्या मुलीला, अख्ख्या रांगेसमोर म्हणाला होता. बुर्गी तेव्हा प्रांताच्या मुलींच्या संघात होती आणि त्या शर्यतीच्या स्की त्यानेच तिला आणून दिल्या होत्या. करवतीनंतर तिने दुसरा बोर्ड मिळवला. दोन हिवाळे तो पाठीला बांधून ती पायी वर गेली. चढायला पाऊण तास, उतरायला दोन मिनिटं. बाप खालून आकडे सारत बघायचा, आणि ती त्याच्यासमोरून जाताना मान फिरवायची.

मग वारं फिरलं. माझी आई त्या वर्षांबद्दल सांगते तेव्हा तिचे डोळे अजून मोठे होतात. जो तो बोर्डवर. स्की म्हणजे आजोबांचं काम, घट्ट विजारी आणि गुडघेदुखी. गावच्या स्की शाळेत बुर्गीच्या हाताखाली बोर्डचे तेरा शिक्षक होते. स्की शिकवणारे कोपऱ्यात चहा पीत बसायचे आणि बोर्डवाले जाता जाता त्यांना विचारायचे, "काय आजोबा, काठ्या विसरलात का घरी?" आता शाळेचा मुख्य असलेला कास्पर तेव्हा तरुण होता. त्याने ढगळ विजार शिवून घेतली आणि बुर्गीकडे बोर्ड शिकायला आला. तीनदा आपटला. चौथ्यांदा विजार मागे राहिली, कास्पर पुढे गेला. हे गावात मुळीच काढायचं नाही. काढलं की कास्पर नाकातून म्हणतो, "माणूस म्हणून सांगतो हं, तो वाऱ्याचा झोत होता."

वारं पुन्हा फिरलं ते मात्र कुणाला कळलंसुद्धा नाही. स्की आखूड झाल्या, कमरेत बारीक झाल्या, टोकं दोन्हीकडून वर वळली. बोर्डवरच जमायच्या त्या उड्या आता पोरं स्कीवर मारायला लागली, तीसुद्धा उलटं सरकत. आईबापांना तर हेच हवं होतं. स्कीवर पोरगं तिसऱ्या दिवशी आपल्यासोबत खाली येतं, बोर्डवर तिसऱ्या दिवशी ते बुडावर बसून रडत असतं. दर हिवाळ्यात बुर्गीचा एकेक शिक्षक कमी झाला. कुणी स्कीकडे गेला, कुणी खाली शहरात. शेवटी एकटी बुर्गी उरली. एक्कावन्न वर्षांची, मनगटं दोनदा मोडलेली.

आमच्याकडे रविवारी सकाळी दहाला शाळेच्या पटांगणात सुट्टीत शिकायला आलेल्या मुलांची वाटणी होते. बर्फात पाट्या रोवलेल्या असतात, प्रत्येक पाटीखाली एक शिक्षक लाल जाकिटात उभा. आईबाप पोराला पाटीपाशी सोडतात. सव्वादहाला घंटा होते आणि ज्याच्या पाटीखाली कुणी नाही, तो घरी जातो. सगळ्यांत कडेची पाटी बुर्गीची, वर बोर्डचं चित्र. ऊन लागून लागून चित्रातल्या माणसाचं डोकं पुसलं गेलंय.

नाताळच्या आधी कास्परने तिला पटांगणातच गाठलं. मी तिथेच बूट आवळत होतो.

"बुर्गे, बघ हं, माणूस म्हणून सांगतो. तीन रविवार. तिसऱ्या रविवारी सव्वादहापर्यंत तुझ्या पाटीखाली एक पोर असू दे. एकच! नाहीतर पाटी काढतो."

"आणि मला?"

"तुला कोण काढतंय? स्की घाल, चिमुरड्यांचा वर्ग घे. अगं, तुझ्यासारखी वळणं या खोऱ्यात कुणी घेतली नाहीत!"

"ढगळ विजार आहे का अजून तुझ्याकडे?" बुर्गीने विचारलं.

"तिचं काय?"

"काही नाही. वारं फिरलं तर लागेल."

पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. घंटा झाली, तिने पाटीवरचा बर्फ हाताने झाडला आणि निघून गेली.

दुसऱ्या रविवारी हॉलंडचा नऊ वर्षांचा येल्ले आला, स्वतःचा बोर्ड घेऊन. बुर्गीचा आवाज कैक दिवसांनी सगळ्या उतारावर घुमला: "गुडघे! गुडघे वाकव! जिकडे जायचंय तिकडे बघ रे, पडायचंय तिकडे नको!" ही तिची हाक आम्हा सगळ्या पोरांना पाठ आहे. मी ती इतकी हुबेहूब मारतो की एकदा खुद्द कास्परने गुडघे वाकवले होते. दुपारी येल्लेची चुलत भावंडं स्कीवरून किंचाळत त्याच्या शेजारून गेली. येल्लेने बोर्ड सोडला आणि मुळूमुळू रडायला लागला. बुर्गीने त्याला समजावलं नाही. हाताला धरून भाड्याच्या दुकानात नेलं, गुडघ्यांवर बसून त्याच्या पायात स्कीचे बूट चढवले, कड्या स्वतः आवळल्या.

"चावत नाहीत ना?"

"नाही."

"मग पळ. भावंडं थांबलीत."

संध्याकाळी ती जिन्यात भेटली. बोर्ड भिंतीला टेकवून पायरीवर बसली होती. मी तिला हसवायला कास्परचा आवाज काढला, "माणूस म्हणून सांगतो हं, बुर्गे..."

ती हसली. "तुझ्या घशात आख्खं गाव कोंबलंय, पोपटा."

"बुर्गीमावशी, घाल ना स्की. कोण काय म्हणणार आहे? घालणारच आहेस तू."

"कशावरून?"

"तळघरात काय टांगलंय, मला माहितीये. मेण कुणासाठी लावतेस मग?"

ती बोर्ड घेऊन उठली. "लाव पैज."

"लावली! तिसऱ्या रविवारी घंटा झाली की तू स्की घालणार. घातल्यास तर तुझा सगळ्यात जुना बोर्ड माझा."

"आणि नाही घातल्या तर तू आठवडाभर माझ्याकडे बोर्ड शिकायचा. तुझ्या त्या सगळ्या टोळीसमोर."

"कबूल!" मला हसूच आवरेना. मेण मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिसऱ्या रविवारी आमची टोळी पटांगणाच्या कठड्यावर बसली होती. सगळे स्कीवाले. दहा वाजले. बाकीच्या पाट्यांखाली झुंबड. बुर्गी कडेला, हात मागे बांधून. एक आजी नातवाला घेऊन तिच्याकडे आली. आजीने शौचालय कुठे आहे ते विचारलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी बुर्गीने कठड्याकडे पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं असं म्हणवत नाही, पण कठड्यावर बोर्डच्या नावाने कबूल म्हणालेला मी एकटाच होतो. एक पोर, एकच, एवढीच अट होती. कोण, कुठलं, काही नव्हतं. वीस पावलं चालत जायचं आणि पाटीखाली उभं राहायचं. "अरे, ते बघ, पोपट म्हातारीकडे चालला," असं टोळी म्हणाली असती. नक्की म्हणाली असती, कोणत्या आवाजात तेही मला ठाऊक होतं, कारण तो आवाज मीच त्यांना शिकवलाय. मी दोन्ही हात बुडाखाली घालून बसून राहिलो.

घंटा झाली.

कास्पर लाल जाकिटाच्या खिशात हात घालून आला. या वेळी नाकातून बोलला नाही. "बुर्गी, दुकानात तुझ्या मापाची जोडी काढून ठेवलीय. पोरं थांबलीत."

बुर्गीने पाटी दोन्ही हातांनी धरली, हलवली, बर्फातून उपटली आणि त्याच्या हातात दिली. मग लाल जाकीट काढलं, घडी घातली आणि पाटीवर ठेवलं.

"अगं, मेण तर लावतेस दरवर्षी!" कास्पर ओरडला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. मी सोडून कुणाला माहीत नाही असं मी समजत होतो.

"बापाने दिलेली वस्तू आहे," ती म्हणाली. "गंजू कशी देऊ?"

आणि स्वेटरवरच घराकडे चालायला लागली.

पैज मी हरलो होतो. सोमवारी नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाची सुट्टी होती. मी भाड्याचा बोर्ड घेतला आणि दहाला पटांगणात गेलो. पाटीच्या जागी बर्फात नुसतं भोक होतं. बुर्गी तिथे नव्हती. ती खाली आकड्याच्या लिफ्टवर होती, लिफ्टवाल्यांच्या निळ्या जाकिटात. तिथे दोन महिने माणूस मिळत नव्हता, मागितल्यावर तिला काम लगेच मिळालं असणार.

मी रांगेत उभा राहिलो. मागून टोळीतला एकजण ओरडला, "गुडघे! गुडघे वाकव!" अगदी माझ्या आवाजात. माझा नंबर आला.

"बुर्गीमावशी, पैज..."

"लिफ्टवाल्याला शिकवायला बंदी आहे," ती म्हणाली. आकडा धरला आणि माझ्या बुडाखाली सारला.

आडव्या बोर्डवर आकडा कसा धरायचा हे मला कुठे माहीत? दहा पावलांवर मी आपटलो. तिने लिफ्ट थांबवली. सगळी रांग बघत होती. मी बर्फातून तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं, हात गुडघ्यापर्यंत गेला. शेजारून कास्पर चिमुरड्यांची रांग घेऊन चालला होता. तिने तोंड मिटलं.

मी बोर्ड ओढत बाजूला सरपटलो. तिने बटण दाबलं.

"पुढचा," ती म्हणाली.

पैज आठवड्याची होती. माझं शिकणं दहा पावलांवर संपलं.